बीएस्सीत गणिताचा पेपर अडतोय? मग अकरावीपासून सुरुवात करा

अकरावीला बायो घेतलं, सीईटीला पीसीबी ग्रुप दिला, मेडिकलचं जमलं नाही म्हणून बीएस्सीला ॲडमिशन घेतली, आणि पहिल्याच टाइमटेबलमध्ये गणित हजर. ठाणे-नवी मुंबईच्या कॉलेजांत दर जुलैला असा धक्का बसलेली मुलं दिसतात. काहींना बारावीला गणित होतं, पण कसंबसं निघालं. कोडिंग आवडतं म्हणून ती आयटीला किंवा कॉम्प्युटर सायन्सला आली आणि समोर डिस्क्रीट मॅथ्स, न्यूमेरिकल मेथड्स, स्टॅटिस्टिक्स अशी रांग लागली. फिजिक्सवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना गणित टाळता येत नाही हे आधीपासून माहीत असतं, तरी डिफरन्शियल इक्वेशन आलं की घोडं अडतंच.

संध्याकाळी डिग्रीच्या मुलांना शिकवताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मूल सांगतं, "सर, इंटिग्रेशन जमत नाही." वही उघडून बघितलं तर इंटिग्रेशनची ओळ बरोबर असते. गाडी घसरलेली असते त्याच्या दोन ओळी पुढे, अपूर्णांकांच्या वजाबाकीत नाहीतर लॉगच्या नियमात. म्हणजे पेपर डिग्रीचा, पण अडचण नववी ते अकरावीची. पुढचं सगळं या एका निरीक्षणावर उभं आहे. तुमचा पाया खरंच पक्का असेल आणि तरी पेपर जात असेल, तर मधले भाग सोडा आणि थेट परीक्षेच्या भागाकडे जा.

आधी कागदपत्रं गोळा करा

हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण फार थोडी मुलं ते करतात. तुमच्या वर्षाच्या सिलॅबसची पीडीएफ मिळवा. 'तुमच्या वर्षाच्या' यावर जोर आहे, कारण नवीन शैक्षणिक धोरणानंतर मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह अशी मांडणी आली आणि जुने पेपर नव्या नावांनी, नव्या क्रेडिटने फिरू लागले. सीनियरने दिलेल्या नोट्स चांगल्या असतील, पण त्या तुमच्याच पेपरच्या असतील असं नाही. कॉलेज ऑटोनॉमस असेल तर सिलॅबस कॉलेजच्या वेबसाइटवर मिळेल, नसेल तर मुंबई विद्यापीठाच्या.

त्यात तीन गोष्टी पेनाने अधोरेखित करा: कोणत्या युनिटला किती तास दिलेत, इंटर्नल किती मार्कांचं आणि फायनल किती मार्कांची, आणि पासिंग दोन्हींत वेगवेगळं लागतं की एकत्र. तिसरी गोष्ट परीक्षा विभागात जाऊन विचारा, वर्गातल्या ग्रुपवर विचारू नका. ग्रुपवर एका प्रश्नाला चार उत्तरं येतात आणि चौघांनाही स्वतःच्या उत्तराची खात्री असते.

मग लायब्ररीतून जुन्या प्रश्नपत्रिका काढा. नवीन सिलॅबसच्या एक-दोनच निघतील, तरी चालेल. प्रत्येक प्रश्नापुढे युनिटचा नंबर लिहा. काही प्रकार दरवेळी येतात, काही अधूनमधून, काही फक्त सिलॅबसमध्ये दिसतात. हा कागद जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

भोक नेमकं कुठे आहे ते शोधा

एका संध्याकाळी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा आणि हे सोडवा:

३/४ मधून ५/६ वजा करा.
२ चा घात वजा ३ म्हणजे किती?
९ अधिक १६, या बेरजेचं वर्गमूळ किती?
एक्सचा वर्ग वजा ५ एक्स अधिक ६ बरोबर शून्य, तर एक्स किती?
८ चा लॉग, पाया २, म्हणजे किती?
(१, २) आणि (३, ८) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा स्लोप काढा.
पाय भागिले ३ रेडियन म्हणजे किती अंश, आणि त्याचा कोसाइन किती?
पीव्ही बरोबर एनआरटी, यातून टी एकटा बाजूला काढा.

उत्तरं: वजा १/१२, १/८, ५, २ आणि ३, ३, ३, ६० अंश आणि १/२, पीव्ही भागिले एनआर.

वर्गमुळाचं उत्तर ७ आलं असेल तर लाजू नका, पण दुर्लक्षही करू नका. ३ आणि ४ वेगवेगळे बाहेर काढून त्यांची बेरीज करणं ही डिग्रीच्या पेपरांत सगळ्यात जास्त मार्क खाणारी सवय आहे. लॉगमध्येही तीच दिसते: बेरजेचा लॉग म्हणजे लॉगांची बेरीज असं समजून मुलं पुढे जातात. खरा नियम गुणाकाराचा आहे. गुणाकाराचा लॉग म्हणजे लॉगांची बेरीज.

आता थोडं वरचं उदाहरण घ्या. लिमिटचं एक नेहमीचं गणित: एक्स अधिक ४ याच्या वर्गमुळातून २ वजा करायचे, सगळ्याला एक्सने भागायचं आणि एक्स शून्याकडे न्यायचा. थेट शून्य घातला तर वर शून्य, खाली शून्य. इथे 'लिमिट' या कल्पनेपाशी कुणी अडत नाही. अडतात ते पुढच्या पायरीला, जिथे अंश आणि छेद दोन्हींना 'वर्गमूळ अधिक २' ने गुणायचं असतं. ते केलं की वर एक्स अधिक ४ वजा ४, म्हणजे नुसता एक्स उरतो. तो खालच्या एक्सबरोबर कटतो आणि छेदात 'वर्गमूळ अधिक २' राहतं. आता शून्य घाला: उत्तर १/४. यात नवीन काय होतं? 'ए वर्ग वजा बी वर्ग'चं सूत्र. ते शाळेतलं आहे.

चाचणीत जिथे चुकलात, तेवढंच दुरुस्त करायचं. सगळी अकरावी-बारावी पुन्हा करायला बसलात तर सेमिस्टर निघून जाईल. बालभारतीची ११वी-१२वी सायन्सची गणिताची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट डाउनलोड होतात. त्यातलं काय कुणासाठी, ते ढोबळपणे असं:

कॅल्क्युलस असेल तर ११वी भाग २ मधली फंक्शन्स, लिमिट्स, कंटिन्युइटी आणि डिफरन्सिएशन ही चार प्रकरणं आधी, मग १२वीचा भाग २. लॉगचे नियम फंक्शन्सच्या प्रकरणात आहेत, तिथून सुरुवात करा. डिस्क्रीट मॅथ्स असेल तर ११वी भाग २ मधलं सेट्स अँड रिलेशन्स, पर्म्युटेशन्स अँड कॉम्बिनेशन, इंडक्शन, आणि १२वी भाग १ चं पहिलंच प्रकरण मॅथेमॅटिकल लॉजिक. एवढं झालं की डिस्क्रीटचं पहिलं युनिट ओळखीचं वाटू लागतं. बायोवाल्यांसाठी डिस्क्रीट हा त्यातल्या त्यात दयाळू पेपर आहे, कारण त्यात कॅल्क्युलस जवळपास नसतं. स्टॅटिस्टिक्ससाठी ११वी भाग १ ची शेवटची दोन, डिस्पर्शन आणि प्रॉबेबिलिटी, मग १२वी भाग २ ची शेवटची दोन. लिनिअर अल्जिब्रासाठी दोन्ही वर्षांच्या भाग १ मधलं मॅट्रायसेस.

प्रकरण पूर्ण वाचू नका. सोडवलेली उदाहरणं आणि स्वाध्यायातली पहिली काही गणितं पुरतात. मिसलेनियस एक्सरसाइझच्या वाटेला आत्ता जाऊ नका.

दोन रूळ एकदम चालवा

'आधी पाया पक्का करतो, मग कॉलेजचं बघतो' हा बेत गणपतीपर्यंत टिकतो. गणपती झाले की इंटर्नल येतं, आणि पाया अर्धवट, चालू युनिट कोरं, अशी स्थिती होते. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन्ही करा. रोज पाऊण तास जुनं आणि तासभर त्या दिवशी वर्गात झालेलं, एवढं आठवड्यातून पाच दिवस जमलं तरी महिन्याभरात फरक दिसतो. प्रॅक्टिकलच्या दिवशी पाचनंतर घरी येऊन जर्नल लिहायचं असतं, त्या दिवशी फक्त पाऊण तास.

ट्रान्स-हार्बरवर ठाणे ते पनवेल रोज करणारी मुलं विचारतात, ट्रेनमधला वेळ वापरता येईल का. गणित सोडवायला नाही. सकाळच्या गर्दीत ऐरोली-रबाळेला पाय ठेवायला जागा नसते, तिथे वही कुठून उघडणार? पण एक काम छान होतं. आदल्या रात्री सोडवलेल्या गणिताचा फोटो मोबाइलवर ठेवा, स्क्रीनवर एकच ओळ दिसेल इतका मोठा करा आणि पुढची ओळ काय असेल ते मनात ठरवा. मग खाली सरकवून ताडून बघा. घणसोली-कोपरखैरणे येईपर्यंत एक गणित निघतं. बसायला जागा मिळाली म्हणून नवीन प्रकरणाचा व्हिडिओ लावलात तर झोप लागते, हे कुणी सांगायला नको.

घरी जागा नसेल, भाऊ-बहीण टीव्हीसमोर असतील, तर अभ्यासिका शोधा. ठाण्यात आणि नवी मुंबईत दोन्हीकडे आहेत. काही पालिकेच्या, काही खासगी. स्पर्धा परीक्षेची मुलं तिथे ज्या चिकाटीने बसतात, ती बघूनही माणूस तासभर जास्त बसतो.

सोडवायची पद्धत

सोडवलेलं गणित वाचून 'कळलं' असं वाटणं हा सगळ्यात मोठा चकवा आहे. उत्तर कागदाने झाकायचं, प्रश्न वाचून पहिली ओळ स्वतः लिहायची, मग कागद एक ओळ खाली सरकवायचा. जुळलं तर पुढे. नाही जुळलं तर ती ओळ का आली ते समासात मराठीत लिहायचं: 'इथे दोन्हीकडून लॉग घेतला', 'इथे छेद समान केला'. शेवटी वही बंद करून तेच गणित कोऱ्या कागदावर. दुसऱ्या दिवशी आकडे बदलून पुन्हा.

वहीच्या मागच्या पानांवर चुकांची यादी ठेवा. गणिताचं नाव लिहू नका, चुकीची जात लिहा: चिन्ह, कंस, लॉग, अपूर्णांक, सूत्र आठवलं नाही, प्रश्नच नीट वाचला नाही. दोन आठवड्यांनी यादी बघितली की बहुतेकांच्या चुका दोन-तीन जातींच्याच निघतात.

न्यूमेरिकल मेथड्सवाल्यांसाठी एक गोष्ट जवळून दाखवतो, कारण इथे चांगली मुलंही मार खातात. न्यूटन-रॅफसनने 'एक्स वजा कॉस एक्स बरोबर शून्य' याचं मूळ काढायचंय. डेरिव्हेटिव्ह: १ अधिक साइन एक्स. सुरुवात ०.५ पासून. कॅल्क्युलेटर रेडियन मोडवर असेल तर कॉस ०.५ येतो ०.८७७६ आणि साइन ०.५ येतो ०.४७९४. फंक्शनची किंमत वजा ०.३७७६, डेरिव्हेटिव्ह १.४७९४. पहिलीला दुसरीने भागून जे येतं ते जुन्या किमतीतून वजा करायचं, म्हणून पुढची किंमत ०.५ अधिक ०.२५५२, म्हणजे ०.७५५२. त्याच्या पुढची ०.७३९१, आणि मग चार दशांशांपर्यंत आकडा हलत नाही. हेच बरोबर उत्तर.

आता तोच कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर ठेवा. पहिलीच किंमत ०.९९५६ येते, आणि पुढे आकडे अगदी शहाण्यासारखे ०.९९९८ वर स्थिरावतात. कुठे गडबड झाली असं वाटतच नाही, कारण पद्धत नीट चाललेली असते, मूळ मात्र भलत्याच समीकरणाचं निघालेलं असतं. म्हणून कॅल्क्युलस आणि न्यूमेरिकलच्या पेपरला बसलात की उत्तरपत्रिकेवर नाव-नंबर लिहायच्या आधी मोड बघा. पडद्यावर डी दिसतोय की आर, एवढंच. कोणता कॅल्क्युलेटर चालतो हेही आधीच विचारून ठेवा. प्रोग्रॅमेबल सहसा चालत नाही.

तुमच्याच विषयातून गणितात शिरा

केमिस्ट्रीच्या मुलांना मी सहसा इथूनच सुरू करतो. मिथाइल ॲसिटेटच्या हायड्रोलिसिसचं प्रॅक्टिकल तुम्ही केलं असेल किंवा कराल: ठरावीक वेळाने थोडं मिश्रण काढायचं, थंड पाण्यात ओतायचं, एनएओएचने टायट्रेट करायचं आणि ब्युरेट रीडिंगवरून रेट कॉन्स्टंट काढायचा. जर्नलमध्ये सूत्र लिहिलेलं असतं, २.३०३ भागिले टी, गुणिले लॉग अमुक भागिले तमुक. हा २.३०३ कुठून आला असं विचारलं की वर्ग शांत.

बघा: कॉन्सन्ट्रेशन जितकं जास्त तितकं ते भराभर कमी होतं, म्हणजे डीसी बाय डीटी बरोबर वजा के गुणिले सी. सी असलेलं सगळं एका बाजूला घ्या, टी दुसऱ्या बाजूला. इंटिग्रेट केलं की डावीकडे सीचा नॅचरल लॉग, उजवीकडे वजा के गुणिले टी अधिक एक कॉन्स्टंट. वेळ शून्य असताना सी म्हणजे सुरुवातीचं कॉन्सन्ट्रेशन, त्यावरून कॉन्स्टंट मिळतो. बस. २.३०३ म्हणजे दहाचा नॅचरल लॉग, पाया दहाच्या लॉगकडे वळताना आलेला गुणक. अर्ध्यावर यायला लागणारा वेळ म्हणजे २ चा नॅचरल लॉग भागिले के, म्हणून ०.६९३. एका प्रॅक्टिकलमध्ये व्हेरिएबल सेपरेबल डिफरन्शियल इक्वेशन, लॉगचे नियम आणि सरळ रेषेचा स्लोप, तिन्ही येऊन गेले. वेळेसमोर नॅचरल लॉगचा आलेख काढलात तर स्लोप वजा के, पाया दहाचा काढलात तर वजा के भागिले २.३०३. व्हायवात हे विचारतात.

बायोटेक-मायक्रोच्या मुलांना बॅक्टेरियाच्या वाढीतून तेच समीकरण भेटतं, फक्त चिन्ह उलटं.

मदत कुणाकडून घ्यायची

पहिले तुमचेच सर किंवा मॅडम. 'मला काहीच कळत नाही' म्हणून जाऊ नका. त्यावर कुणालाच काही करता येत नाही. वही घेऊन जा, अडलेल्या ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, "मॅडम, इथपर्यंत आलं, ही ओळ कशी आली?" लेक्चर संपल्यावर दाराशी गाठण्यापेक्षा स्टाफरूममध्ये कधी येऊ ते आधी विचारा. दोन-तीनदा असं गेलात की त्या स्वतःहून विचारतात.

ट्यूशनबद्दल माझं मत विचाराल तर, वीस-तीस जणांच्या बॅचपेक्षा कॉलेजमधल्याच दोघा मित्रांबरोबर आठवड्यातून दोनदा बसणं जास्त कामाचं. एकाने फळ्यावर सोडवायचं, दुसऱ्याने प्रत्येक ओळीला 'का?' विचारायचं. क्लास लावायचाच असेल तर आधी विचारा, तुमच्याच सिलॅबसचा आहे की इंजिनिअरिंगच्या एम-वन, एम-टूच्या बॅचमध्ये बसवणार आहेत. हे सर्रास होतं, आणि मुलांना तीन आठवड्यांनी कळतं.

व्हिडिओंमध्ये आयआयटींच्या एनपीटेलची लेक्चर्स उत्तम आहेत, पण पाया कच्चा असताना ती डोक्यावरून जातात. आधी बालभारती, मग तिकडे. आलेख डोळ्यांसमोर आणायला जिओजेब्रा किंवा डेसमॉस वापरा, दोन्ही फुकट आहेत. चॅटबॉटला गणित घालून उत्तर उतरवणाऱ्यांना एकच सांगणं: तो आत्मविश्वासाने चुकतो. तुमचं सोडवलेलं दाखवून 'कोणती ओळ चुकली' असं विचारा, आणि जे सांगेल ते स्वतः ताडून बघा.

परीक्षा जवळ आली की

इंटर्नल हलक्यात घेऊ नका. असाइनमेंट, क्लास टेस्ट, हजेरी, जे काही तुमच्या कॉलेजात धरतात, तिथले मार्क सगळ्यात स्वस्तात मिळतात. कमकुवत विद्यार्थ्याने ते सोडणं परवडणारं नाही.

शेवटच्या तीन आठवड्यांत तो युनिट-नंबर लिहिलेला कागद काढा. दरवेळी येणारे प्रकार निवडा आणि पासिंगपेक्षा बऱ्यापैकी जास्त मार्कांचे होतील एवढे घट्ट करा, डोळे मिटून सोडवता येतील इतके. उरलेल्या वेळात व्याख्या आणि थिअरमची स्टेटमेंट्स. गणितातही थिअरीचे मार्क असतात, हे मुलं विसरतात. एक युनिट पूर्ण सोडून द्यायचा मोह होईल. आधी पेपरचा पॅटर्न बघा: प्रत्येक युनिटवर वेगळा सक्तीचा प्रश्न असेल तर युनिट सोडलं म्हणजे तेवढे मार्क गेले.

पेपरात पहिली दहा मिनिटं वाचा, सगळ्यात ओळखीचं गणित आधी. सूत्र लिहा, काय दिलंय ते लिहा, मग आकडे घाला. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे मार्क मिळतात, पण फक्त उत्तर लिहिलं आणि ते चुकलं तर काहीच नाही. न्यूमेरिकलमध्ये प्रत्येक फेरीची किंमत तक्त्यात मांडा, तपासणाऱ्याला शोधावं लागू नये. अडलात तर पान सोडून पुढे चला.

पेपर राहिला आणि केटी लागलीच तर

निकाल लागला की त्याच आठवड्यात उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवायची का ते ठरवा. मुदत कमी असते आणि नोटीस कॉलेजच्या फळ्यावर किंवा वेबसाइटवर गुपचूप लागलेली असते. रिव्हॅल्युएशनला जायचं नसेल तरी फोटोकॉपी बघण्यासारखी असते. मार्क कुठे गेले ते त्याहून स्पष्ट कुठेच दिसत नाही. पुढच्या वर्षात जायला किती केट्या चालतात, हे परीक्षा विभागाकडून लेखी नियमात बघून घ्या.

विषय बदलायचा विचार यावेळी हमखास येतो. गणित मायनर म्हणून असेल तर ते बदलता येतं का, कधीपर्यंत, हे ऑफिसात विचारायला काहीच हरकत नाही. पण फिजिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स मेजर असेल आणि विषय आवडत असेल, तर एका केटीवरून सोडू नका. पुढच्या वर्षी गणित वेगळ्या नावाने येणारच आहे, आणि तोवर अकरावीचं ते भोक बुजलेलं असलं तर बरं. केमिस्ट्री आणि बायोवाल्यांचं उलट आहे. त्यांचा सक्तीचा गणिताचा पेपर सहसा सुरुवातीच्या सेमिस्टरांतच असतो, तेवढा ओलांडला की पुढे कायनेटिक्स, थर्मो आणि स्टॅटिस्टिक्सपुरतं गणित लागतं.

केटीचा फॉर्म भरताना एक चौकशी न विसरता करा: पेपर जुन्या सिलॅबसवर येणार की नव्या. मधल्या काळात सिलॅबस बदलला असेल तर जुन्या विद्यार्थ्यांसाठी जुना पेपर किती परीक्षांपर्यंत काढणार, हे कॉलेजला माहीत असतं. तारीख कळली की वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि ज्या सिलॅबसवर पेपर आहे त्याच सिलॅबसच्या प्रश्नपत्रिका लायब्ररीतून काढा. नव्या बॅचच्या नोट्स मित्राने दिल्या तरी आधी युनिटं जुळवून बघा.